'यीहान' म्हणजे माफी नव्हे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही चाकणच्या एका कारखान्यात खरेदी विभागात आहात, चिनी भाषेच्या पहिल्या काही परीक्षा दिल्या आहेत, म्हणून चीनमधल्या पुरवठादाराची पत्रं तुमच्याच टेबलावर येतात. कास्टिंगच्या मालात तडे निघाले, तुम्ही फोटो पाठवले, आणि उत्तरात हे वाक्य आलं: 'क्वेइ कोंगस फान्यिंग त छान्फिन लियेवन यी श, वो कोंगस शन्प्याओ यीहान.' साहेबांचं म्हणणं, यीहान म्हणजे माफी, त्यांनी चूक कबूल केली, डेबिट नोट काढा, म्हणजे त्यांच्या पैशातून कपात करा. शब्दकोशात तुम्हाला 'खेद, हळहळ' असं सापडलं. खरं काय?

खरं हे की या वाक्यात माफी नाही, चुकीची कबुलीही नाही. डेबिट नोट काढायची असेल तर तड्यांच्या पुराव्यावर काढा, या वाक्याच्या भरवशावर काढू नका. आता हे असं का, ते नीट सांगतो. या एका शब्दापायी मी स्वतः ठेच खाल्लेली आहे आणि हा शब्द मला मनापासून आवडतोही.

आधी शब्द उलगडून पाहू. यीहान दोन अक्षरांचा आहे. 'यी'चा सूर खालून वर चढतो, आपण 'काय?' असं विचारतो तसा. 'हान'चा वरून खाली पडतो. 'यी' म्हणजे मागे राहणं, हरवणं, गळून जाणं. वारसा म्हणजे यीछान, मृत्युपत्र म्हणजे यीचू, वस्तू हरवणं म्हणजे यीश, सगळ्यांत हाच 'यी'. त्याच्या लिपीचिन्हात चालण्याची खूण आहे आणि तिच्यावर 'क्वेइ' म्हणजे मौल्यवान हे चिन्ह बसलेलं आहे. तुमच्या पत्रात 'क्वेइ कोंगस', म्हणजे 'आपली आदरणीय कंपनी', यातला क्वेइ तोच. (तो इथे मुख्यतः उच्चारासाठी आला, पण 'मौल्यवान काहीतरी चालत निघून गेलं' अशी खूणगाठ बांधली की चिन्ह विसरत नाही.)

'हान' त्याहून देखणा. डावीकडे हृदयाची खूण, उजवीकडे 'कान' म्हणजे जाणवणं, आणि त्या 'कान'च्या तळाशी पुन्हा हृदय. एका चिन्हात दोन हृदयं. मी शिकवताना हे चिन्ह फळ्यावर मोठं काढतो आणि मुलांना दोन्ही हृदयं शोधायला लावतो. मनातली अपूर्णता, पुरं न झाल्याचा सल, असा त्याचा अर्थ. तो फार जुना आहे. कन्फ्यूशियसच्या संवादांत त्सलू नावाचा शिष्य म्हणतो की माझ्या गाड्या, घोडे, उंची कपडे मी मित्रांबरोबर वापरीन आणि ते झिजून गेले तरी माझ्या मनात 'हान' राहणार नाही. त्याच परंपरेतला पुढचा तत्त्वज्ञ मेन्शियस राजाला सांगतो की जिवंतांना पोसताना आणि मेलेल्यांना निरोप देताना प्रजेच्या मनात 'हान' उरू नये, राजधर्म तिथून सुरू होतो. दोन्ही ठिकाणी माफीचा विषयच नाही. काहीतरी राहून गेल्याची टोचणी आहे, बस.

तर यीहान म्हणजे मागे उरलेला सल. मराठीत याला सर्वांत जवळचा शब्द 'रुखरुख' आहे, असं मला कित्येक वर्षं वाटत आलं आहे. तो सरकारी पत्रात बसत नाही ही अडचण वेगळी.

हा अर्थ मला कोशातून कळला नाही. बीजिंगमध्ये शिकत असताना मी एका वयस्कर बाईंच्या घरी खोली घेऊन राहत होतो. त्यांचं शालेय शिक्षण १९६६ साली संपलं, आणि त्याच वर्षी सांस्कृतिक क्रांती सुरू होऊन विद्यापीठ प्रवेशाची परीक्षा बंद झाली. त्यांना खेड्यात पाठवण्यात आलं. ती परीक्षा परत सुरू झाली १९७७च्या हिवाळ्यात. सुमारे ५७ लाख लोक बसले आणि जेमतेम पावणेतीन लाखांना प्रवेश मिळाला. बाईंच्या पदरात तोवर दोन मुलं होती. त्या बसल्याच नाहीत. एकदा भाजी निवडत असताना मी कच्च्या चिनीत विचारलं, तुम्हाला 'होउह्वेइ' वाटतं का? त्यांनी हातातली जुडी खाली ठेवली आणि म्हणाल्या, 'पु श होउह्वेइ, श यीहान.' होउह्वेइ नाही, यीहान.

होउह्वेइ म्हणजे पश्चात्ताप. मी केलं ते चुकलं, पुन्हा संधी मिळाली तर वेगळं करीन. त्यात 'मी' कर्ता असतो. बाईंचं म्हणणं असं की परीक्षा मी बंद केली नव्हती, मुलं मी टाकून देणार नव्हते, माझं काही चुकलं नाही. पण शिकायचं राहिलं ते राहिलंच. वडिलांना शेवटचं भेटायला निघालेल्या माणसाची गाडी वाटेत अडकली आणि भेट हुकली, तर ते यीहान. फोन आला तेव्हा तोच 'उद्या निघतो' म्हणाला असेल, तर होउह्वेइ. दुःख दोन्हीकडे तेवढंच असतं, फरक फक्त चुकीचा धनी कोण याचा. यीहानमध्ये चुकीचा धनी सांगितलेला नसतो. तुमच्या साहेबांना पटवायचं ते एवढंच.

व्याकरणातही हे दिसतं. होउह्वेइच्या पुढे सरळ केलेली कृती ठेवता येते: 'होउह्वेइ' आणि मग जे केलं ते. यीहान सहसा अवस्था म्हणून येतो. 'कान्ताओ यीहान', यीहान वाटणं. 'ल्योउश्या यीहान', यीहान मागे ठेवणं. 'मीपू यीहान', ते भरून काढणं. औपचारिक लिखाणात 'त्वेइ' अमुक 'प्याओश यीहान', म्हणजे अमुक गोष्टीबद्दल यीहान व्यक्त करणं. याचाच आटीव पत्री अवतार म्हणजे तुमचा 'शन्प्याओ यीहान': 'शन' खोल, 'प्याओ' व्यक्त करणं. वाक्याच्या सुरुवातीला 'यीहान त श' आलं तर 'खेदाची गोष्ट अशी की'. क्रीडावृत्तात 'यीहान ल्वोपाइ' दिसेल, म्हणजे संघ थोडक्यात हरला, हळहळ वाटावी असा हरला. तिथे कुणी कुणाची माफी मागत नाही हे उघडच आहे.

तिसरा शेजारी 'खशी'. तो बोलीतला, हलका. छत्री विसरली, आंबे संपले, सिनेमाची तिकिटं मिळाली नाहीत, यावर खशी म्हणावं. तिथे यीहान वापरलं तर चिनी माणूस समजून घेईल, पण चहा सांडल्यावर कुणी 'अंतःकरण विदीर्ण झालं' म्हणावं तसं ते वाटेल. शिकणाऱ्यांसाठी सांगतो: एचएसके या चिनी भाषेच्या परीक्षेच्या जुन्या सहा पातळ्यांच्या रचनेत खशी आणि होउह्वेइ चौथ्या पातळीवर होते, यीहान पाचव्या. म्हणजे बरेच जण त्याला या दोघांचा 'जड' समानार्थी म्हणून पाठ करतात. इथेच घोळ सुरू होतो.

आता माफीचं घराणं पाहू, कारण तुमच्या साहेबांना जे हवं आहे ते तिथे सापडतं. या घराण्याचं मूळ अक्षर 'छ्येन'. त्याच्या उजव्या अंगाला जे चिन्ह आहे त्याचा आजचा अर्थ देणं असणं, कमी पडणं. शेतीत 'छ्येनशोउ' म्हणजे पीक कमी येणं. तेव्हा चिनी माफीच्या मुळाशी तूट आहे: माझ्याकडून कमी पडलं, मी तुझं देणं लागतो. 'पाओछ्येन' म्हणजे ती तूट उराशी घेऊन असणं. विमानाला उशीर झाला की चिनी विमानतळावर हेच ऐकू येतं, आपल्या रेल्वे स्थानकावरच्या 'गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत'सारखं. 'छ्येनयी' म्हणजे तुटीची भावना, पत्री भाषेतली दिलगिरी. आणि 'ताओछ्येन', ज्यात 'ताओ' म्हणजे तोंडाने बोलणं, ही खरी माफी: चूक माझी, हे मी तुला सांगतो आहे.

ओळ अशी लागते: यीहान, मग पाओछ्येन आणि छ्येनयी, मग ताओछ्येन. पहिल्यात चूक कुणाची ते सांगितलेलंच नाही. मधल्या दोघांत थोडी माझी, निदान शिष्टाचारापुरती. शेवटच्यात माझीच.

ही ओळ काही व्याकरणकारांची हौस नाही, तिच्यापायी माणसं अडकून पडलेली आहेत. १ एप्रिल २००१ रोजी हायनान बेटाजवळ अमेरिकेचं ईपी-३ टेहळणी विमान आणि चिनी लढाऊ विमान यांची हवेत टक्कर झाली. चिनी वैमानिक वांग वेइ गेला. अमेरिकी विमान कसंबसं हायनानच्या लिंगश्वेइ तळावर उतरलं आणि त्यातले २४ जण चीनच्या ताब्यात राहिले. चीनची मागणी एकच होती: ताओछ्येन. अमेरिकेचं म्हणणं, आम्ही आंतरराष्ट्रीय हद्दीत होतो, चूक आमची नाही, माफी कसली? अध्यक्ष बुश आणि परराष्ट्रमंत्री पॉवेल यांनी खेद व्यक्त केला. चिनीत तो यीहानच होता. बीजिंगला तेवढ्यावर समाधान नव्हतं.

११ एप्रिलला अमेरिकेचे राजदूत जोसेफ प्रूअर यांनी परराष्ट्रमंत्री थांग च्याश्वेन यांना पत्र दिलं. वैमानिकाच्या मृत्यूबद्दल आणि तोंडी परवानगीवाचून चिनी हद्दीत शिरून उतरल्याबद्दल, असं दोन ठिकाणी, इंग्रजीत 'फार वाईट वाटतं' या अर्थाचे शब्द होते. इंग्रजीत तेच शब्द कुणाच्या आजीच्या निधनावर सांत्वनालाही वापरतात आणि पाय तुडवल्यावर माफीलाही. चिनी बाजूने प्रसिद्ध झालेल्या पाठात ते 'शन्प्याओ छ्येनयी' झाले. बुश-पॉवेल यांच्या खेदाचा त्याच पत्रात उल्लेख होता, तिथे मात्र चिनी पाठात यीहानच ठेवला. म्हणजे एका पत्रात दोन्ही शब्द आले आणि भाषांतर करणाऱ्याने दोघांच्या जागा नेमक्या ओळखल्या. ताओछ्येन कुठेच नव्हता. अमेरिका म्हणू शकली की आम्ही माफी मागितली नाही, चीन आपल्या लोकांना सांगू शकला की त्यांनी छ्येनयी व्यक्त केली. टकरीनंतर ११ दिवसांनी ते २४ जण सुटले. माझ्या विद्यार्थ्यांना मी हे पत्र दोन्ही भाषांत शेजारी शेजारी ठेवून वाचायला लावतो. भाषांतराच्या कामाला किती वजन असतं ते त्यांना त्या दिवशी कळतं.

उलटा प्रकारही घडलेला आहे. सप्टेंबर १९७२ मध्ये जपानचे पंतप्रधान तानाका बीजिंगला आले. मेजवानीच्या भाषणात युद्धकाळाबद्दल त्यांनी जो जपानी शब्द वापरला, तो चिनीत 'माफान' म्हणून पोचला. (हा माफान आपल्या माफीचा कुणी लागत नाही, कान फसतो म्हणून सांगितलं.) माफान म्हणजे तसदी. चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांनी दुसऱ्या दिवशी सुनावलं की बाईच्या अंगावर चुकून पाणी उडालं तर तसदी म्हणतात. चार दिवसांनी जे संयुक्त निवेदन निघालं त्यात 'फान्शिंग' आला, म्हणजे स्वतःच्या वागण्याकडे वळून खोलवर पाहणं. आणि यीहानचं जपानी भावंड 'इकान': १९८४ साली दक्षिण कोरियाच्या अध्यक्षांसमोर जपानचे सम्राट हिरोहितो यांनी दोन्ही देशांमधला दुर्दैवी भूतकाळ 'खरोखर इकान' आहे असं म्हटलं. लिहिताना चिन्हं तीच, दोन हृदयांचीच. भूतकाळ खेदाचा आहे हे त्यात आलं, तो कुणी घडवला हे आलं नाही. म्हणून अनेक कोरियन लोकांना ते अपुरं वाटलं.

मराठी वर्तमानपत्रं वाचणाऱ्यांसाठी एक सावधगिरी. चिनी परराष्ट्र मंत्रालयाचे प्रवक्ते दुसऱ्या देशाच्या कृतीबद्दल 'प्याओश यीहान' म्हणतात, तेव्हा ती नाराजीची मवाळ पायरी असते. तिच्या वर 'पुमान' म्हणजे असमाधान, मग 'छ्यांगलिये पुमान' म्हणजे तीव्र असमाधान, त्याच्याही वर निषेधाचे शब्द. याचं मराठी 'चीनने खेद व्यक्त केला' असं केलं की वाचणाऱ्याला वाटतं, चीनने आपल्या वागण्याबद्दल नमतं घेतलं. अर्थ पार उलटा झाला! तिथे 'चीनने नाराजी व्यक्त केली' किंवा 'हे खेदजनक असल्याचं चीनने म्हटलं' असं लिहावं.

हे आपल्याकडे का फसतं, त्यालाही कारण आहे. 'दिलगीर' फारसीतून आला, मूळ अर्थ मन दाटून आलेला, उदास. जुन्या मराठीत दिलगीर होणं म्हणजे दुःखी होणं एवढंच. हळूहळू आपण ते माफीच्या मांडवाखाली आणलं, आणि आज 'दिलगिरी व्यक्त केली' म्हणजे अर्धी माफी झाली. 'खेद'ही त्याच वाटेवर आहे. पुढाऱ्याने खेद व्यक्त केला की बातमीदार विचारतात, म्हणजे माफी मागितली का? चिनीत यीहान तिथे अजून गेलेला नाही. तो माफीच्या अलीकडेच उभा आहे.

माझी ठेच सांगतो म्हटलं होतं. दुभाष्याचं काम सुरू करून दोन वर्षं झाली होती. एका कारखान्यात चिनी यंत्र बसवायचं काम लांबलं होतं, बैठकीत त्यांचे ज्येष्ठ अभियंता शांतपणे 'हन यीहान' म्हणाले, आणि मी मराठीत सांगून बसलो, 'ते माफी मागतायत.' मालकांचे चेहरे खुलले. संध्याकाळी बैठकीचं टिपण इंग्रजीत गेलं, त्यात 'पुरवठादाराने विलंबाची जबाबदारी मान्य केली' असं लिहिलेलं. दुसऱ्या दिवशी त्या अभियंत्यांनी सही करायला नकार दिला. विलंब वीजजोडणीचा होता, त्यांचा नव्हता. दोन दिवस काम थांबलं. त्यांनी मला बाजूला घेऊन एवढंच विचारलं की मी ताओछ्येन कधी म्हणालो? मला उत्तर देता आलं नाही. माझ्या तोंडून त्या माणसावर नसलेली चूक लादली गेली होती. तेव्हापासून यीहान आला की मी आधी पाहतो, या वाक्यात चुकीचा धनी सांगितलाय का?

आता तुमचं वाक्य परत वाचा. 'क्वेइ कोंगस फान्यिंग त', म्हणजे 'आपल्या कंपनीने कळवलेल्या'. 'आमच्या मालातले तडे' असं त्यांनी म्हटलेलं नाही. तडे अजून तुमच्या सांगण्यात आहेत, त्यांच्या मालात नाहीत. लिहिणाऱ्याने शब्द तोलून वापरले आहेत, त्याबद्दल त्याच्यावर रागवू नका. तपासणी होण्याआधी कुणीही शहाणा माणूस असंच लिहील. चूक मान्य असती तर 'केइ क्वेइ कोंगस त्साओछंग', म्हणजे 'आपल्या कंपनीला आमच्यामुळे झालेल्या', अशी सुरुवात होऊन पुढे छ्येनयी किंवा ताओछ्येन आला असता. 'छंगतान त्सरन', जबाबदारी घेणं, आणि 'फेइछांग', भरपाई, हे दोन शब्द तर बारकाईने शोधाच. माफी कितीही गोड असली तरी पैशाचं काम हे दोन शब्दच करतात.

उत्तरात तुम्ही 'आपण मान्य केल्याप्रमाणे' असं चुकूनही लिहू नका. तडे कशाने पडले याचं कारण, म्हणजे 'य्वेनयिन', तपासून लेखी कळवा, तारीख द्या, नमुने कुठे पाठवायचे ते सांगा, असं मागा. वाहन उद्योगात आहात तेव्हा ८डी रिपोर्ट, म्हणजे दोषाचं कारण आणि उपाय आठ टप्प्यांत मांडणारा अहवाल, मागितला तर त्यांना तो परिचयाचा असेल, आणि त्यात मूळ कारणाचा रकाना भरावाच लागतो. उद्या त्यांची किंमतवाढीची मागणी तुम्हाला नाकारायची असेल तेव्हा मात्र हाच यीहान तुमच्या कामी येईल: 'यीहान त थोंगच', खेदपूर्वक कळवत आहोत. तिथे छ्येनयी वापरून नसलेली चूक आपल्या अंगावर घेऊ नका.

तुमच्या वाक्याचं मराठी मी असं करीन: 'आपल्या कंपनीने कळवलेली, मालात तडे आढळल्याची बाब अत्यंत खेदाची आहे, असे आमच्या कंपनीला वाटते.' 'आम्ही दिलगीर आहोत' असं करणार नाही. आणि साहेबांकडे कागद देताना समासात पेन्सिलीने लिहीन: या वाक्यात चूक कुणाची ते सांगितलेलं नाही.